'स्टॉप' हा इंग्रजी शब्द आपल्या 'स्तंभ'वरून आलाय का?

नाही. आवाज जुळतो म्हणून मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण 'स्टॉप' खांबातून नाही, बोळ्यातून आलाय.

जवसाच्या काड्यांचा वाख विंचरला की लांब, मऊ धागे वेगळे निघतात आणि मागे गुंतलेला, भरड चोथा उरतो. या चोथ्याला लॅटिनमध्ये 'स्तुप्पा' म्हणत. शब्द मूळचा ग्रीक. चांगलं कापड विणायला तो कुचकामी, पण फट बुजवायला एक नंबर. त्यावरून बोलीतल्या लॅटिनमध्ये 'स्तुप्पारे', म्हणजे बोळा कोंबणे, असं क्रियापद झालं आणि तेच पुढे जर्मन, डच, इंग्रजी या भावंडांकडे गेलं. म्हणजे सुरुवातीला इंग्रजीत 'स्टॉप' माणसाला करत नव्हते, भोकाला करत होते. बाटलीचं बूच अजूनही 'स्टॉपर'च आहे. जर्मनांनी तर जुना अर्थ फारच इमानदारीने जपलाय: त्यांच्याकडे बद्धकोष्ठाला 'फेरस्टॉप्फुंग' म्हणतात!

भोक बुजलं की वाहणारं पाणी थांबतं. मग पाण्याचं घोड्याला, घोड्याचं माणसाला असं करत साधारण 15व्या शतकात 'रोखणे, थांबवणे' हा अर्थ रुळला. आपणहून थांबणे हे त्याच्याही नंतरचं.

घरी पेटी (हार्मोनियम) असेल तर हा जुना अर्थ हाताने करून बघता येईल. समोरच्या ज्या खुंट्या ओढतो, त्यांना वाजवणारे 'स्टॉपर' म्हणतात. खुंटी आत ढकलली की सुरांकडे जाणारी हवेची वाट बुजते.

आता तुमच्या स्तंभाकडे. तो इंग्रजीत नाही, पण मराठीत नक्की आहे: संस्कृत 'स्तंभ', प्राकृत 'थंभ', मराठी 'थांबणे'. 'स्तब्ध'सुद्धा त्याच धातूचा. म्हणजे आपण खांबासारखे उभे राहतो, इंग्रज बूच मारतात. 'बसथांबा' आणि 'बस स्टॉप' एकाच पाटीवर शेजारी शेजारी लिहिलेले असतात, पण नातं काही नाही.

स्तंभाला इंग्रजीत सोयरा हवाच असेल, तर 'स्टाफ' म्हणजे काठी हा शब्द बघा. भाषाशास्त्रज्ञ तो याच मूळ धातूशी जोडतात.