मेंटेनन्स सोडून नेटवर्किंगकडे वळावे का?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर असून चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षे मेंटेनन्स विभागात काम करतो. वय २९. कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये जाण्याची इच्छा आहे. एक खासगी संस्था दीड लाख रुपये घेऊन सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम शिकवते आणि नोकरीची ‘हमी’ देते. मात्र त्यासाठी हातातली नोकरी सोडावी लागेल. सोडावी का? आणि आजवरचा अनुभव वाया जाईल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नोकरी आत्ताच सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हमी कोणत्या पदाची, किती पगाराची आणि नोकरी न लागल्यास शुल्क परत मिळणार का, हे त्या संस्थेकडून लेखी मागून पाहावे. बोलण्याचा सूर तिथेच बदलला, तर आपले उत्तर आपल्याला मिळाले.

या क्षेत्राचा पाया म्हणून सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची सीसीएनए ही परीक्षा (क्रमांक २००-३०१) बहुतेक ठिकाणी ओळखली जाते. तिला पदवीची किंवा अनुभवाची अट नाही, वेळ १२० मिनिटांचा असतो, शुल्क ३०० डॉलर अधिक कर इतके आहे आणि प्रमाणपत्र ३ वर्षे ग्राह्य राहते. सरावासाठी लागणारे पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचेच सॉफ्टवेअर नोंदणी केल्यावर मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे ड्यूटी सांभाळून रोज दीड-दोन तास बसल्यास हा अभ्यास घरीही होतो. फुटलेल्या प्रश्नांचे संच पाठ करून परीक्षा देणारे मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात. त्या वाटेला जाऊ नये.

हे काम आपल्याला मानवेल का, हे मात्र आधी तपासावे. एक बिघाड पॅकेट ट्रेसरवर मुद्दाम घडवून पाहा. एका संगणकाला १९२.१६८.१०.७० हा पत्ता आणि /२६ चा मास्क (आपल्या गटात कोणते पत्ते येतात हे ठरवणारा आकडा) द्या, गेटवे (गटाबाहेर जाण्याचे दार) म्हणून १९२.१६८.१०.१ लिहा. संगणक जोडणाऱ्या स्विचवरचा दिवा हिरवा राहील, त्याच मास्कच्या, ७१ ने संपणाऱ्या पत्त्याच्या शेजारी संगणकाला पिंगही (संपर्क तपासणारा संदेश) जाईल, पण बाहेरचा सर्व्हर काही केल्या सापडणार नाही. कारण /२६ मध्ये पत्त्यांचे ६४-६४ चे गट पडतात. ७० हा ६४ ते १२७ या गटातला, तर गेटवे त्याच्या आधीच्या गटात बसलेला. असा दोष शोधताना वेळेचे भान हरपत असेल, तर खुशाल पुढे जावे. कंटाळा आला, तर दीड लाख वाचले म्हणायचे.

अनुभव वाया जाण्याचे म्हणाल, तर मला उलटेच वाटते. आज पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक), रोबो आणि स्क्रीन पॅनेल प्रोफिनेट किंवा मॉडबस टीसीपीसारख्या प्रोटोकॉलवर (संवादाच्या ठरलेल्या नियमांवर) इथरनेटनेच, म्हणजे ऑफिसातले संगणक जोडणाऱ्या तंत्रानेच, एकमेकांशी बोलतात. त्यातल्या मूळ मॉडबसमध्ये आज्ञा देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नाही, म्हणून यंत्रांचे जाळे ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे लागते आणि त्यासाठी औद्योगिक यंत्रणांच्या सायबर सुरक्षेची आयईसी ६२४४३ ही आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. ऑफिसातला स्विच दुपारी रीस्टार्ट केला तर लोक चहाला जातात. लाइनवरचा केला तर उत्पादन थांबते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. यंत्र आणि नेटवर्क या दोन्ही बाजू कळणारी माणसे कमी असल्यामुळे निव्वळ आयटी कंपनीच्या दाराशी रांगेत उभे राहण्याआधी औद्योगिक नेटवर्किंगचा विचार करावा, आणि सुरुवात म्हणून आपल्याच कारखान्यातील आयटी विभाग शॉप फ्लोअरवर काम करायला येईल, तेव्हा सोबत राहण्याची परवानगी साहेबांकडे मागावी.

तरीही आयटीकडेच जायचे ठरल्यास पहिली नोकरी बहुधा नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधली (नेटवर्कवर सतत नजर ठेवणाऱ्या कक्षातली), रात्रपाळीची आणि कदाचित आजच्यापेक्षा कमी पगाराची असेल. डोक्यावर घराचा हप्ता असल्यास हा हिशेब घरच्यांसमोर आधीच मांडावा. अर्जात ‘मेंटेनन्सचा सहा वर्षांचा अनुभव’ एवढेच लिहून थांबू नये. कोणत्या पीएलसी हाताळल्या, त्या कशा जोडलेल्या होत्या आणि संपर्क तुटल्यावर दोष केबलचा, पोर्टचा की पत्त्याचा हे कसे ठरवले, ते दोन-तीन खऱ्या प्रसंगांसह लिहावे.