जमिनीच्या मालकीवर बोलायला उभं राहण्याआधी

प्रिय,

‘शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीवरची बंधने उठवावीत’ हा तुझ्या वादविवाद स्पर्धेचा विषय; बाजू ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरणार, म्हणजे दोन्हीकडची तयारी हवी. भाषण लिहायला घेण्याआधी मालकीत कोणकोणते हक्क येतात ते एका कागदावर सुटे करून मांड: जमीन कसणं, दुसऱ्याला आत येऊ न देणं, खंडाने देणं, गहाण टाकणं, विकणं, वारसांना देणं आणि सरकारने घेतलीच तर मोबदला मागणं. आपल्याकडचे जमिनीचे कायदे बहुधा यातल्या एक-दोन हक्कांनाच हात लावतात. ‘मालकी हिरावली’ असं मोघम बोललं की परीक्षक विचारणार: कोणता हक्क, कोणी घेतला, कोणाकडे गेला?

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा; त्याच्यासाठीच्या कूळकायद्यावर हे करून बघ. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात नंतर दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. जमीनदाराचा हक्क कुळाकडे आला. पण सगळा आला नाही. कलम 43 ने अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकायला मनाई केली. कसायला मालक, विकायला नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचं प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे जमिनीवरच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून ही परवानगी टाळता येते. बंधनं उठवा म्हणणाऱ्याला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. ज्याला जमीनदारापासून सोडवलं, त्यालाच पुढची कित्येक वर्षं सरकारच्या दाराशी उभं केलं.

त्याच कायद्याचं कलम 63 शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर बंदी घालतं. विकायचीच तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. इथे भावनेवर जाऊ नकोस, भावावर जा. गिऱ्हाईक कमी झालं की किंमत पडते आणि तोटा होतो तो अडचणीत विकणाऱ्याला. त्याची जमीन घेणारा बहुतेकदा शेजारचा थोडा बरा शेतकरी असतो. म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली दुबळ्याच्या खिशातून सबळाच्या खिशात पैसे जातात. माझ्या मते त्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि बहुतेक स्पर्धक तो मांडतच नाहीत.

आता चिठ्ठी उलटी निघाली तर 1875 कडे जा. रयतवारीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई त्या पद्धतीत, जमीन रयतेच्या नावावर आली, आणि म्हणूनच ती कर्जापायी जाऊही लागली. सावकार दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणायचा. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे दंगा सुरू झाला. लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता; कागद हिसकावून जाळले गेले. त्यानंतर इंग्रज सरकारनेच 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. यावरून मांडायचं ते असं की कर्जाच्या ओझ्याखाली केलेली सही आणि मोकळ्या मनाने केलेली सही कायद्याने एकच मानायची का? आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 36 आणि 36-अ आहेत, ती याच प्रश्नाची उत्तरं आहेत. दोन्ही बाजूंनी बोलताना ही कलमं वगळू नकोस. बंधनं उठवा म्हणणाऱ्याने ‘ही सोडून’ असं आधीच म्हटलं, तर समोरच्याच्या हातातलं हत्यार निम्मं बोथट होतं.

राज्यघटनेवर बोलताना हमखास चूक होते: ‘मालमत्तेचा हक्क रद्द झाला.’ रद्द झालेला नाही. 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 19(1)(फ) आणि 31 गेली, आणि हा हक्क मूलभूत राहिला नाही. पण त्याच वेळी कलम 300-अ आलं: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. प्रत्यक्षातला फरक हा, की फक्त या हक्कासाठी कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. उच्च न्यायालयात कलम 226 खाली जाता येतं. शिवाय 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 300-अ चे सात पैलू सांगितले. त्यात आधी नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि रास्त मोबदला हे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ (म्हणजे सर्वांच्या हितासाठी सरकारला वाटता येईल अशी) ठरत नाही, असं बहुमताने सांगितलं. वाद होता मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचा. म्हाडा कायद्यात त्या संपादन करताना मासिक भाड्याच्या 100 पट मोबदल्याची तरतूद होती.

राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीवर, म्हणजे कोर्टातल्या आव्हानापासून वाचवायच्या कायद्यांच्या यादीवर, बोलशील तर तारखा सांभाळ. ती 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने आली, सुरुवातीला तिच्यात 13 कायदे होते, आणि मुंबईचा कूळकायदा त्यांतला एक. 24 एप्रिल 1973 नंतर टाकलेले कायदे मूलभूत चौकटीच्या (घटनेच्या, संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याच्या) कसोटीवर तपासता येतात, हे 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं. ‘तिथे गेलेल्या कायद्याला हात लावता येत नाही’ हे विधान आज चुकीचं आहे.

भूसंपादनाचा मोबदला 2013 च्या कायद्याने कसा ठरतो, तो हिशेब तोंडपाठ असू दे. आसपासच्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं काढतात, त्यांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी करतात, आणि ती रेडीरेकनरशी (सरकारी दरपत्रकाशी) ताडून जी रक्कम मोठी ती धरतात. ग्रामीण भागात तिला 1 ते 2 चा गुणक लागतो. झाडं, विहीर, घर यांची किंमत वेगळी मिळवतात, आणि एकूण रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम देतात. बाजारभाव 10 लाख आणि गुणक 2 असेल तर 40 लाख. गुणक 1 असेल तर 20 लाख. म्हणून ‘चौपट मिळते’ असं सरसकट म्हणू नकोस. गोची आहे ती खरेदीखतात. मुद्रांक शुल्क वाचवायला लोक किंमत कमी दाखवतात, आणि पुढे तोच कागद गावाच्या मोबदल्याच्या आड येतो.

बहुतेक भाषणं सरकार विरुद्ध शेतकरी इथेच थांबतात. व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय असेल तर घरात शिरावंच लागेल. कमाल जमीनधारणेचा कायदा पाच माणसांचं कुटुंब एक मानून मोजतो (बारमाही बागायत 18 एकर, कोरडवाहू 54). त्या कुटुंबात निर्णय कोणाचा? महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत 1994 मध्ये हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं. कागदावर एवढं सगळं आहे, आणि तरी वारसनोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं, तेही ‘माहेर तुटेल’ या भीतीपोटी. ही सही स्वेच्छेची म्हणायची का? सुप्याच्या सावकारासमोरच्या सहीला जो प्रश्न लावलास, तोच इथे लाव. बाजारस्वातंत्र्य मागणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनेच लक्ष्मीमुक्ती चळवळीत बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना हे उदाहरण चालेल.

शेवटचं, सातबाऱ्याबद्दल. तो मालकीचा अंतिम पुरावा नाही, महसुली नोंद आहे. ती चुकीची ठरेपर्यंत खरी धरतात, एवढंच. स्पर्धेआधी ओळखीतला एक सातबारा आणि त्यावरचे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढून वाच. भोगवटादार वर्ग 1 (मोकळेपणी विकता येणारी जमीन) आहे की 2 (विकायला परवानगी लागणारी) ते बघ, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा काय लिहिलंय ते बघ. सात मिनिटांतली दोन त्या एका उताऱ्यावर घालव.

कळावे.