पोट दगडासारखं घट्ट होतं, मग सैल पडतं

प्रश्न : मला आठवा महिना सुरू आहे. संध्याकाळी पोट एकदम दगडासारखं घट्ट होतं आणि मिनिटभरात सैल पडतं. दुखत नाही. सासूबाई म्हणतात, असं होतंच. पण कळ येऊन मध्येच विरते कशी? आणि खरी कळ मग कशाने येते?
– एक वाचक, फलटण

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. या आकुंचनांचं वर्णन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्येच केलं होतं. पण तुम्ही ‘कशी’ विचारलंत, म्हणून थोडं खोलात जाते.

गर्भाशयाच्या स्नायूला आकसायला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याच्या पेशी स्वतःच विद्युतस्पंद निर्माण करतात. गरोदरपणाच्या मध्यावर पेशीच्या आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. दिवस भरत येतात तसा तो शून्याच्या बाजूला सरकतो. पुरेसा सरकला की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आकसतो.

आठव्या महिन्यात हा स्पंद फार लांब जात नाही, कारण शेजारच्या पेशींना जोडणारे मार्ग अजून थोडेच असतात. ते कॉनेक्झिन-४३ नावाच्या प्रथिनाचे बनतात. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) ते बनू देत नाही, ईस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक ते वाढवतं. मैदानावर शंभर मुलं आपापल्या तालात लेझीम हलवत असावीत, तशी तुमची संध्याकाळची कळ. दिवस भरल्यावर सगळ्यांचा ताल एक होतो.

वैद्यकीय महाविद्यालयात असताना आम्ही उंदरिणीला आदल्या दिवशी ईस्ट्रोजेनसारखं औषध टोचायचो. मग तिच्या गर्भाशयाची पट्टी कोमट द्रावणात टांगून ऑक्सिटोसिनचा, म्हणजे कळा आणणाऱ्या संप्रेरकाचा, थेंब टाकायचो. पट्टी आकसली की काजळी धरलेल्या कागदावर तिला जोडलेली सुई सरळ वर चढायची. द्रावणात कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवावं लागे, नाहीतर पट्टी थेंबाची वाटच पाहत नसे, आपोआपच आकसू लागे! अशा स्नायूला नऊ महिने शांत ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनबद्दल मला आजही अपार आदर वाटतो. या शांत ठेवण्याला आर्पाद चापो या संशोधकांनी १९५६ मध्ये ‘प्रोजेस्टेरॉन ब्लॉक’ म्हटलं.

उंदरिणीत बाळंतपणाआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन घसरतं. बाईच्या रक्तात ते भरपूरच राहतं, मात्र गर्भाशयातले त्याचे ग्राहक (त्याचा संदेश टिपणारी पेशींतली प्रथिनं) बदलतात आणि त्याचा शब्द चालेनासा होतो. त्याच सुमारास ऑक्सिटोसिनचे ग्राहक वाढतात.

तेव्हा पोट घट्ट झालं की लघवीला जाऊन या, पाणी प्या, कुशीवर पडा. विरलं तर काळजी नको. पण ठरावीक अंतराने येऊ लागलं, अंतर कमी होत गेलं, कंबर दुखू लागली, पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सदतीस आठवडे भरायच्या आत हे अंगावर काढायचं नाही. रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा; गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.