मालिकेतली कर्णबधिर मुलगी आणि आपल्या घरातली

"मॅडम, सिरियलमधली ती मुलगी नुसत्या ओठांकडं बघून सगळं ओळखते. आमचीच का लक्ष देत नाही?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या केंद्रात कर्णबधिर मुलांचे आईवडील हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की त्यावर लिहायलाच हवं. त्याच्या जोडीला दुसरी काळजी ठरलेलीच: "खुणा शिकवल्या तर ती बोलायचंच सोडून देईल ना?"

शिवाजी पेठेतलं एक कुटुंब आठवतं. वडील उद्यमनगरात टर्नर. धाकटी सायली (नाव बदललं आहे) सतरा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. तक्रार अशी, की ती चिडचिड करते, ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवते. खुणांची भाषा घरात फक्त थोरल्या बहिणीला येत होती. मी सायलीला काहीही विचारलं, की उत्तर ताईकडून यायचं. "तिला तसं काही वाटत नाही, मॅडम." ताईचा जीव होता तिच्यावर, यात शंका नाही. पण घरातल्या एकाचं चिडणं बहुधा सगळ्यांच्या वागण्यातून तयार होतं, असं मी मानते. म्हणून पुढच्या भेटीला मी प्रशिक्षित दुभाषी बाईंना बोलावलं आणि ताईला सांगितलं, आज तू फक्त बहीण म्हणून बस.

आधी ओठांचा प्रश्न घेतला. सायलीच्या आईला म्हटलं, "वहिनी, आरशात बघून आवाज न काढता म्हणा: मामा, बाबा, पापा." तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटले. क, ग, ह तर ओठांवर जवळपास दिसतच नाहीत. पाहणारा उरलेलं अंदाजाने भरतो, आणि त्यात समोरच्याला मिशा असतील किंवा तो घास चावत बोलत असेल, तर अंदाजही संपला. मालिकेतली नायिका गर्दीत, अंधारात, लांबूनही सगळं ओळखते, कारण पुढचं वाक्य तिने आधीच पाठ केलेलं असतं.

मग सायली बोलू लागली. दुभाषी बाई आईशेजारी बसल्या होत्या, सायलीचे हात चालत होते आणि शब्द त्यांच्या तोंडून येत होते.

"तुम्ही सगळे रोज रात्री त्या मुलीसाठी रडता. मी शेजारीच बसलेली असते. ती काय म्हणते, ते मला कधीच कळलेलं नाही."

वहिनी दुभाषी बाईंकडे वळल्या. "तुम्ही कधी आलाय आमच्याकडं सिरियल बघायला?"

बाईंनी स्वतः उत्तर दिलं नाही. हा प्रश्नही त्यांनी जसाच्या तसा सायलीपर्यंत पोचवला. सायली हसली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि आवाज आला: "मी बोलतेय, आई. ताईला विचारलं की ती म्हणते, नंतर सांगते. नंतर ती सांगतच नाही."

आईने पहिल्यांदा मान वळवून लेकीकडे नीट पाहिलं. "अगं, ही तर माझ्यासारखीच तोंडावर बोलते की!" ताई मात्र रडायला लागली. घरात वाद नकोत म्हणून दोन्हीकडचं निम्मं गाळत आले, म्हणाली. ते ओझं तिच्यावर कुणी मुद्दाम टाकलं नव्हतं, पण ती लहानपणापासून वाहत होती.

वर्षानुवर्षं अशा घरांसोबत काम करून मला जे दिसलं, ते या एका तासात लख्ख दिसलं. मालिकेतला दुभाषी "ती म्हणतेय की..." अशी सुरुवात करतो, मध्येच सल्ला देतो, घरचं भांडण मिटवतो. खरा दुभाषी त्या व्यक्तीच्या जागी "मी" म्हणून बोलतो, काही वाढवत नाही, गाळत नाही, ऐकलेलं बाहेर नेत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील महिलेने दुभाषीमार्फत बाजू मांडली. मध्ये दुभाषी होता, पण वकील त्याच होत्या.

पडद्यावर भाषेचेही हाल होतात. भावनेचा क्षण आला की कॅमेरा चेहऱ्यावर जातो आणि हात चौकटीबाहेर राहतात. भारतीय सांकेतिक भाषेत हात आणि चेहरा मिळून वाक्य होतं. भुवयांवरून प्रश्न कळतो, "काय", "कुठे" हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. अमेरिकेतल्या 'स्विच्ड ॲट बर्थ' या मालिकेने 2013 मध्ये एक भाग जवळजवळ पूर्ण तिथल्या सांकेतिक भाषेत दाखवला. आपल्याकडेही हे जमू शकतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 42 वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी सांकेतिक भाषा आणि मथळे, म्हणजे सबटायटल, यांचा उल्लेख करतं. तुमची आवडती मालिका सबटायटलसह दिसत नसेल, तर वाहिनीला जरूर लिहा.

आता दुसरी काळजी. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही. भाषाच न मिळण्याने मूल मागे पडतं. श्रवणयंत्र, वाचा उपचार चालू ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने खुणा शिका. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओंसह फुकट मिळतो. रोज जेवताना लागणाऱ्या खुणांपासून सुरुवात करा. "नंतर सांगते" हे उत्तर घरातून काढून टाका. दोन शब्दांत सांगा, पण तेव्हाच सांगा. दवाखान्यात किंवा कॉलेजच्या प्रवेशाला बहीणभावंडांना दुभाषी म्हणून नेऊ नका.

सायली आता बाहेरच्या खोलीत सगळ्यांसोबत जेवते. वहिनींच्या भुवया प्रश्न विचारताना अजून वर जात नाहीत, आणि सायली त्यांना दर वेळी थांबवून दुरुस्त करते.