सांतियागोला पहिल्यांदा चालत जाताना

पहिलीच यात्रा असेल, तर स्पेनमधल्या सारिया गावापासून निघा. तिथून सांतियागो दे कोम्पोस्तेला हे ख्रिस्ती तीर्थस्थान साधारण ११५ किलोमीटर. पाच दिवसांत आरामात होतं. यात्रा पूर्ण केल्याच्या ‘कोम्पोस्तेला’ प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किलोमीटर आणि यात्रा-पुस्तिकेवर रोज दोन शिक्के लागतात. फक्त मुक्कामी शिक्का घेणारे शेवटी अडतात; दुसरा वाटेतल्या चर्चमध्ये घ्या.

पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकंच. नवे कोरे बूट नकोतच. टाचेला चटका जाणवला की तिथल्या तिथे थांबा, मोजा काढा, पाय कोरडा करा, पट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणालात की फोड आलाच.

आता खरं महत्त्वाचं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं यरुशलेमेच्या वाटेवरच्या यात्रेकरूंची मानली जातात. पाच दिवस, रोज तीन : सकाळी, दुपारी, मुक्कामी. एवढी सुरेख वाटणी सोडू नका! १३१, १३३ आणि १३४ तर तीन-तीनच ओव्यांची. पाठ करून चालता चालता म्हणा. क्रम मात्र मोडू नका. १२० परक्या मुलखातल्या खोटेपणाला विटलेलं आहे, १२२ मध्ये पाय यरुशलेमेच्या वेशीत पोचतात, तरी १३० पुन्हा खोल गर्तेतून हाक मारतं. म्हणून चौथ्या दिवशी प्रार्थना कोरडी वाटली, तर यात्रा फसली असं समजू नका. स्तोत्रांतही ती जागा आहेच.

मोठी पाठपिशवी सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मुख्य चर्चमध्ये, नेऊ देत नाहीत. आधी ती मुक्कामी ठेवा, मग मिस्साला, म्हणजे तिथल्या उपासनेला, जा.