डोक्याला सौम्य वीज देऊन टायपिंग किंवा पियानो लवकर शिकता येतो का?

थोडाफार फायदा होऊ शकतो, पण हमखास नाही. या पद्धतीला टीडीसीएस (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन) म्हणतात. २००० साली नित्शे आणि पाउलुस या संशोधकांनी दाखवलं की १ मिलिअँपिअर इतक्या क्षीण प्रवाहानेही मेंदूच्या हालचाल-केंद्राची उत्तेजनक्षमता बदलते. प्रयोगांत साधारण १ ते २ मिलिअँपिअर, २० मिनिटं देतात. उजव्या हाताचं कौशल्य असेल तर धन इलेक्ट्रोड (वीज देणारी पट्टी) डाव्या हालचाल-केंद्रावर आणि ऋण उजव्या भुवईच्या वर.

सराव त्याच वेळी चालू हवा. नुसतं यंत्र लावून बसलात तर बोटं काही शिकणार नाहीत! शिवाय बराचसा प्रवाह टाळूच्या कातडीतूनच निघून जातो आणि कवटीची जाडी प्रत्येकाची वेगळी, म्हणून एकाला जाणवणारा फरक दुसऱ्याला शून्य.

घोळ बहुतेक इलेक्ट्रोडखालच्या स्पंजचा असतो. ५ × ७ सेंमीचा स्पंज मिठाच्या पाण्यात ओला हवा, गळका नको. वाळला तर प्रवाह एका कोपऱ्यात एकवटून कातडी भाजते. जास्त ओला असला तर पाणी केसांतून पसरून प्रवाह भलतीकडे जातो. मुंग्या येणं ठीक, आग होऊ लागली की थांबवा. फिट येत असतील किंवा डोक्यात धातू बसवलेला असेल तर या वाटेला जाऊच नका. घरी नऊ व्होल्टची बॅटरी जोडणं हा तर निव्वळ वेडेपणा.