२८ लाखांचं घड्याळ: हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न: वय ४६. कंपनीचे शेअर विकून ४० लाख हाती आलेत. त्यातले २८ लाख घालून युलिस नार्डिन या स्विस कंपनीचं 'फ्रीक एक्स' हे घड्याळ घ्यावं का? गृहकर्ज २२ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, मुलगी बारावीत. घरच्यांना या खर्चाची काळजी वाटते. "पुढे किंमत वाढेलच ना?"

नमस्कार. फ्रीकवर जीव जडला यात नवल नाही. २००१ साली ते आलं तेव्हा त्याला ना नेहमीचे काटे होते, ना चावी द्यायची कळ. आतलं यंत्रच तासाला एक फेरी मारून मिनिटं दाखवायचं. वेळ लावायची ती काचेभोवतीचं कडं फिरवून, चावी द्यायची ती मागची बाजू फिरवून. त्यातल्या एस्केपमेंटची, म्हणजे घड्याळाची गती नेमकी राखणाऱ्या भागाची, चाकं सिलिकॉनची होती, आणि हे त्या काळी अगदी नवं होतं. 'एक्स' हे २०१९ मधलं त्याचं सोपं, कळ असलेलं ऑटोमॅटिक रूप.

पण किमतीचा भरवसा धरू नका. नव्याच्या किमतीपेक्षा महाग विकली जातात ती मुख्यतः रोलेक्स, पाटेक फिलिप, ऑडेमार्स पिगेची मोजकी मॉडेलं, आणि त्यांचेही भाव २०२२ च्या सुरुवातीला चढले ते नंतर उतरले. बाकीच्या बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच घटते. त्यात भरलेला १८ टक्के जीएसटी विकताना कोणी परत देत नाही. १० लाखांवरच्या घड्याळावर १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) घेतला जातो. ते सुमारे २८ हजार मात्र विवरणपत्रात वळते करता येतात. शिवाय सिलिकॉनचे भाग आपल्या ओळखीच्या घड्याळजीच्या हातचे नाहीत. सर्व्हिसिंग कंपनीकडेच, तिच्या दराने.

म्हणून हा निव्वळ खर्च धरा. मग हिशेब सरळ होतो, आणि माझं उत्तर 'यंदा नको' असं आहे. आधी शेअर विक्रीवरचा कर बाजूला काढा, त्याचा अॅडव्हान्स टॅक्स वेळेत भरा. कर्जावर वर्षाला जवळपास १ लाख ८७ हजार व्याज जातंय, तेव्हा निम्मं कर्ज तरी फेडा. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांची फी मुदत ठेवीत ठेवा. एवढं झाल्यावर ४० लाखांत २८ लाख उरतच नाहीत, आणि घरच्यांना वाटणारी काळजी मला रास्त वाटते.

थांबण्यात थोडा फायदाही संभवतो. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. कंपन्या ती सगळी सूट गिऱ्हाइकाला देतीलच असं नाही, तरी चार वर्षांनी भाव पुन्हा विचारा. तोवर दरमहा वेगळी एसआयपी फक्त घड्याळासाठी चालवा. मूळ पेटी, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिसची कागदपत्रं असलेलं वापरलेलं फ्रीक मिळालं, तर मी नव्याआधी तेच बघेन. घेतल्यावर घराच्या विम्यात ते किमतीसह वेगळं नोंदवून घ्या, कारण साध्या पॉलिसीत हातातल्या घड्याळाला पुरेसं संरक्षण बहुधा नसतं.